ब्रेकचं काम झालं, पेडल कडक आहे, तरी लाल दिवा विझत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन सर्किटचे ब्रेक, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ऑइलची वेगवेगळी वाट असलेली जुनी गाडी; पुढे डिस्क, मागे ड्रम. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर आणि लायनर बदलले, पेडलवर एकाला बसवून चारही चाकांची हवा काढली. पेडल कडक लागतं, गाडी सरळ थांबते, ऑइल वरच्या खुणेपर्यंत आहे. पण हँडब्रेक खाली असूनही डॅशबोर्डवरचा लाल दिवा चालूच राहतो. दिव्याची वायर काढून टाकली तर चालेल का, असंही विचारलं आहे.

नाही चालणार. माझ्याकडे एकदा अशी गाडी आली होती, दिव्याचा बल्बच कुणीतरी काढून ठेवलेला. तक्रार एवढीच, की पेडल जरा खोल जातं. बल्ब लावला, चावी फिरवली, दिवा लागला. मागचा ड्रम ओढला तर आतले लायनर ऑइलने चिंब, आणि मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइलवर प्रेशर आणणारा सिलिंडर) डबीतला मागच्या सर्किटचा कप्पा कोरडा ठणठणीत. ती गाडी किती दिवस नुसत्या पुढच्या ब्रेकवर पळत होती, मालकालाही सांगता आलं नाही. दिवा ओरडत होता, म्हणून त्याचं तोंड दाबलं होतं.

तुमची लक्षणं ऐकून मला वाटतं, मास्टर सिलिंडरच्या खाली किंवा बाजूच्या चासीवर जो छोटा धातूचा ठोकळा बसवलेला असतो, त्यातला पिस्टन हवा काढताना एका अंगाला सरकला आणि तिथेच राहिला. तसं असेल तर सामान काही लागणार नाही, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. पण अंदाजावर पाना चालवायचा नसतो. आधी दिवा नेमका कोण लावतंय ते पाहू.

या दिव्याची जोडणी अगदी साधी असते. चावी फिरवली की बल्बच्या एका टोकाला करंट येतो. दुसऱ्या टोकाची वायर तीन ठिकाणी जाते: हँडब्रेकच्या दांड्यापाशी असलेला स्विच, ब्रेक ऑइलच्या डबीतला लेव्हल स्विच आणि त्या ठोकळ्यावरचा प्रेशर स्विच. तुमच्या गाडीत तिन्ही असतीलच असं नाही. खूप गाड्यांत दोनच असतात. यांपैकी कुणीही ती वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, टेकवली की दिवा लागतो. म्हणजे दिवा एक आणि बोलणारे तिघे. त्यामुळे दिव्याकडे कितीही बघत बसलात तरी त्यातून काही कळणार नाही, एकेकाला गप्प करूनच बघावं लागतं.

चाकाला दगड किंवा लाकूड लावून गाडी अडवा, हँडब्रेक पूर्ण खाली करा, इंजिन बंद ठेवून चावी चालू करा. दिवा लागलेला असेल. आता हँडब्रेकच्या स्विचची वायर काढा. विझला? नाही, तर डबीच्या झाकणावरची वायर काढा. तरीही नाही, तर ठोकळ्यावरची. ज्या वायरीशी दिवा विझला तो तुमचा माणूस. एक लक्षात असू द्या, काही मोजक्या गाड्यांत लेव्हल स्विचची जोडणी उलटी असते; तिथे वायर काढली की दिवा उलट लागतो. म्हणून वायरिंगचा नकाशा हाताशी असेल तर आधी त्यावर नजर टाका.

ठोकळ्यावरची वायर काढल्यावर दिवा विझला असं धरून पुढे जातो, कारण तुमच्या बाबतीत तेच निघण्याची शक्यता जास्त आहे.

हा ठोकळा आला कुठून? पूर्वी चारही चाकांना मिळून एकच सर्किट असायचं. एक पाइप फुटला की पेडल थेट तळाला. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना दोन सर्किट आणि त्यांतलं एक गेल्याचं सांगणारा दिवा सक्तीचा झाला. त्यामुळे त्या पिढीतल्या अमेरिकन गाड्यांत आणि तिकडे जाणाऱ्या ब्रिटिश गाड्यांत हा ठोकळा हमखास सापडतो. त्याच्या पोटात एक लहान पिस्टन आडवा बसलेला असतो. एका टोकावर पुढच्या सर्किटचं प्रेशर, दुसऱ्यावर मागच्याचं. दोन्ही सारखी असली की पिस्टन मध्यभागी. पिस्टनच्या कमरेला एक खाच असते आणि वरून स्विचची पिन त्या खाचेत उतरलेली असते. एका बाजूचं प्रेशर गेलं की पिस्टन तिकडे ढकलला जातो, पिन खाचेच्या उतारावरून वर चढते आणि स्विच अर्थ होतो.

आता हवा काढताना तुम्ही काय केलंत ते पाहा. मागच्या चाकाचं हवा काढायचं निपल उघडलं आणि पेडल दाबलं. पुढे प्रेशर चढलं, मागे शून्य. ठोकळ्यातल्या त्या पिस्टनच्या, म्हणजे या व्हॉल्व्हच्या, लेखी निपल उघडणं आणि पाइप फुटणं यांत काडीचाही फरक नाही. तो नियमाप्रमाणे मागच्या बाजूला सरकला आणि दिवा लावून मोकळा झाला. नंतर निपल बंद झालं, प्रेशर दोन्हीकडे सारखं झालं, पण सारख्या प्रेशरने पिस्टन परत मध्ये येईलच असं नाही. दोन्हीकडून सारखा रेटा असेल तर तो जिथे आहे तिथेच राहतो.

काही गाड्यांत पिस्टनला दोन्हीकडून स्प्रिंग असते. तिथे काम संपल्यावर पेडल एकदा जोरात दाबून सोडलं की तो आपोआप जागेवर येतो. म्हणून हे आधी करून बघा. दोन-तीनदा दाबूनही दिवा तसाच असेल तर हाताने आणावा लागेल.

त्याची रीत अशी. शेवटी ज्या सर्किटची हवा काढली, त्याच्या उलट सर्किटचं निपल उघडायचं. तुम्ही मागचं काम शेवटी केलं असेल तर पुढच्या एका चाकाला नळी आणि बाटली लावा. चावी चालू, इंजिन बंद, हँडब्रेक खाली. एकजण पेडलवर बसेल आणि त्याची नजर दिव्यावरच राहील. निपल अर्धा आटा सैल करा आणि पेडल अगदी सावकाश दाबायला सांगा, अंडं दाबतोय इतकं सावकाश. आता मागे प्रेशर आहे, पुढे नाही, म्हणून पिस्टन पुढच्या बाजूला यायला लागतो. दिवा विझला त्या क्षणी पाय जिथे आहे तिथेच थांबला पाहिजे. निपल आवळा, मग पाय सोडा. हा क्रम उलटा झाला तर हवा आत जाईल आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पाय जोरात पडला तर पिस्टन मध्य ओलांडून पलीकडे जातो. दिवा एकदा लुकलुकून विझतो आणि परत लागतो. तसं झालं तर घाबरू नका, मागच्या चाकाचं निपल उघडून तीच कृती उलटी करा. पहिल्या खेपेला बहुतेकांच्या हातून मध्य ओलांडतोच, माझ्याही हातून ओलांडला होता.

सावकाश दाबूनही दिवा ढिम्म हलत नसेल तर पिस्टन जाम आहे. जुन्या ऑइलमध्ये पाणी मुरून आत गंज आणि चिकट गाळ झालेला असतो. इथे ठोकळ्यावरचा स्विच काढून बघा. चांगल्या ठोकळ्यातून स्विच काढला तरी ऑइल बाहेर येत नाही, कारण स्विच दोन सीलांच्या मधल्या कोरड्या जागेत बसतो. भोकात बॅटरीचा झोत टाका. खाच बरोबर भोकाखाली दिसली तर पिस्टन मध्यावर आहे आणि दोष स्विचचा आहे. नुसता गुळगुळीत धातू किंवा खाचेची एखादी कड दिसली तर पिस्टन सरकलेला आहे. स्विच हातातच असताना त्याची पिन बोटाने दाबूनही बघा. टिचकीसारखी परत यायला हवी. स्विच काढलेला असताना पेडलला हात लावू नका आणि कुणाला लावूही देऊ नका. पिस्टन पूर्ण सरकून बसला तर स्विच परत बसवताना त्याची पिन मोडते.

आणि भोक ओलं दिसलं तर? मग प्रश्न दिव्याचा उरलेला नाही. एका बाजूचं सील गेलंय, ऑइल त्या मधल्या जागेत येतंय. ठोकळा उतरवायचा, खोलायचा, सील नवी घालायची. आतलं धुवायला ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट (अल्कोहोल) वापरा. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, ग्रीस, यांतलं काहीही आत गेलं तर रबर फुगतं. आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो खरं, पण नेहमीच्या ब्रेकमध्ये जे भरतो ते तेल नसतंच. मी स्वतः दिवसभर ‘ऑइल’च म्हणतो, पण डबीत काय ओतायचं ते मात्र बाटलीवर वाचूनच ओततो. डॉट ३ आणि डॉट ४ एकमेकांत मिसळले तर बिघडत नाही. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र त्यांत घालायचं नाही.

दिवा विझला, तुम्ही खूश झालात आणि रस्त्यावर पहिला कडक ब्रेक मारल्याबरोबर तो पुन्हा लागला, असंही होतं. या ठिकाणी खूपजण चुकतात. व्हॉल्व्ह परत मध्यावर आणतात, तो परत सरकतो, मग व्हॉल्व्हच खराब आहे म्हणून त्याला नावं ठेवतात. पण कडक ब्रेकला पिस्टन सरकतो याचा अर्थ दोन सर्किटांत खरोखरच फरक पडतोय. तुम्ही लायनर बदललेत, तेव्हा पहिला संशय मागच्या ड्रमवर. लायनर आणि ड्रम यांच्यात फट जास्त राहिली असेल तर मास्टर सिलिंडरमधल्या मागच्या सर्किटच्या पिस्टनची धाव ती फट भरण्यातच संपते आणि मागचं प्रेशर पुढच्याइतकं चढत नाही. पेडल दोनदा मारल्यावर वर येतं का बघा. एकदा दाबलं तर खोल, लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर वर, असं असेल तर हवा शोधण्याआधी लायनर जुळवा. चाक उचलून ॲडजस्टर फिरवा. चाक अडेपर्यंत घट्ट, मग हलकीशी घासण्याची सळसळ ऐकू येईल इतकं सैल. ही जुळवाजुळव हँडब्रेकची केबल पूर्ण सैल ठेवून करायची. आधी केबल ताणून मग लायनर जुळवायला गेलात तर दोन्ही बिघडतात.

दुसरा संशय राहिलेल्या हवेवर. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर हवा आहेच. पण हवा काढून काढून थकलात आणि तरी स्पंजच, तर डिस्कला चिमटीत धरणारा कॅलिपर बघा. पूर्वी एकदा मी पुढचे दोन्ही कॅलिपर उतरवून साफ केले आणि डावा उजवीकडे, उजवा डावीकडे बसवला. बोल्ट बसले, पाइप बसला, सगळं छान. फक्त निपल वरच्या अंगाला असायच्या ऐवजी खाली आलं. हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहिली आणि मी खालून शुद्ध ऑइल काढत राहिलो. अर्धा डबा ऑइल गेल्यावर वाकून पाहिलं तेव्हा चूक कळली. निपल कॅलिपरच्या सगळ्यात उंच टोकालाच हवं.

तिसरी गोष्ट मास्टर सिलिंडर. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबायचं नाही, पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. रोजच्या वापरात पिस्टन ज्या भागात फिरतो तो भाग घासून गुळगुळीत झालेला असतो. त्याच्या पुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, गंजून खरबरीत. पेडल तळाला गेलं की सील त्या खरबरीत भागावर चढतं आणि त्याची कड फाटते. काम करण्याआधी ब्रेक चांगला होता आणि हवा काढल्यावर पेडल हळूहळू बसायला लागलं, तर बहुधा हेच घडलंय. तपासायला सोपं आहे. इंजिन बंद, पेडल चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधला (पायाच्या जोराला मदत करणारा मोठा डबा) व्हॅक्यूम संपवा, मग पाय एक मिनिट घट्ट दाबून धरा. पेडल जागचं हलता कामा नये. ते खाली सरकतंय आणि चाकांजवळ कुठेही ओल नाही, तर ऑइल सीलच्या कडेवरून मागे येतंय किंवा मास्टर सिलिंडरच्या मागून बूस्टरमध्ये शिरतंय. बूस्टर आणि सिलिंडर यांच्या जोडावर रंग सुटलेला, ओला दिसला की समजायचं. पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं तर पेडल थोडं खाली गेलं पाहिजे, ते बूस्टर चालतंय याची खूण आहे. ती आणि वरची गोष्ट यांत गल्लत करू नका.

वायर काढल्यावर दिवा डबीपाशी विझला असेल तर काम हलकं आहे. ऑइल खुणेपर्यंत आहे म्हणता, मग तरंगता गोळा अडकलाय किंवा बुडालाय. झाकण गोळ्यासकट बाहेर काढा, पुसा आणि कानाशी धरून हलवा. आतून ऑइल खळखळलं तर गोळ्याला चीर गेली आहे, तो तरंगणार कसा? काही गोळे खळखळत नाहीत, पण वर्षानुवर्षं ऑइल पिऊन जड झालेले असतात. वाटीभर ब्रेक ऑइलमध्ये सोडलं की कळतं. गोळा चांगला असेल तर हाताने वर-खाली करून मीटरने स्विच तपासा. झाकण वाकडं बसल्यामुळे गोळा डबीच्या भिंतीला टेकून बसतो, हेही खूपदा होतं. ऑइल खाली सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

ब्रेक लावताना किंवा वळणावरच दिवा लुकलुकत असेल तर लेव्हल काठावर आहे, ऑइल हिंदकळतं तेव्हा गोळा खाली जातो. काम झाल्यावर एक-दोन दिवसांत लेव्हल किंचित उतरणं मी चालवून घेतो, बारीक बुडबुडे वर येतात. त्यानंतरही उतरत राहिली तर कुठेतरी गळती आहे, आणि वर ओतत राहणं हा त्यावरचा इलाज नाही.

हँडब्रेकच्या स्विचवर फार शाई खर्च करत नाही. दांडा हाताने खाली दाबून धरा. दिवा विझला तर स्विचची जागा जुळवायची किंवा केबल इतकी ताणली गेली आहे की दांडा पूर्ण बसतच नाही. लायनर बदलल्यावर केबलला हात लागलेला असतो, म्हणून हे होतं.

तिन्ही वायरी काढूनही दिवा लागलेलाच असेल, तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे. तुम्ही काम मागे केलंत, तेव्हा सीटखाली आणि हँडब्रेकच्या बोगद्यापाशी आधी बघा. दिवा मंद लागत असेल, त्यातही बॅटरीचा दिवा सोबतीला मंद असेल, तर ब्रेक सोडा आणि अल्टरनेटर तपासा. काही जुन्या जपानी गाड्यांत ब्रेकच्या दिव्याची जोडणी चार्जिंगच्या सर्किटशी असते आणि अल्टरनेटर बिघडला की दोन्ही दिवे एकदम लागतात. ब्रेकचं काम त्याच आठवड्यात झालं हा निव्वळ योगायोग.

गाडी नव्वदीतली असेल आणि पिवळा एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लागला असेल तर रस्ता वेगळा. चाकाच्या हबपाशी काम झालंय, म्हणून चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं कनेक्टर नीट बसलंय का, वायर ताणली गेली का, हे आधी. मग सेन्सर बाहेर काढून त्याचं टोक बघा. जुन्या प्रकारात ते चुंबक असतं आणि लोखंडाच्या कीसाची दाढी वाढलेली असते. ती पुसली की कित्येकदा काम संपतं. दातेरी रिंगला तडा गेलेला किंवा खाली गंज फुगून ती उचललेली असू शकते. बेअरिंगमध्येच चुंबकी पट्टी असेल आणि बेअरिंग उलट्या अंगाने ठोकलं असेल तर सेन्सरला काहीच दिसत नाही. दुरुस्तीनंतरही हा दिवा गाडी थोडी पळाल्यावरच विझतो, उभ्या गाडीत वाट बघत बसू नका. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले तर मात्र सांभाळा. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते आणि कडक ब्रेकला मागची चाकं आधी लॉक होतात.

सगळं झालं की शेवटची तपासणी चुकवू नका. चावी चालू केल्यावर दिवा लागतो का बघा. ज्या गाड्यांत तो तेव्हा लागत नाही, तिथे हँडब्रेक ओढून बघा. लागत नसेल तर तुम्ही दिवा दुरुस्त केलेला नाही, बल्ब गेलाय.

ठोकळ्यावरचा स्विच काढलात तर भोक कोरडं निघालं की ओलं, आणि खाच भोकाखाली होती की बाजूला, एवढं कळवा. पुढचं त्यावरच ठरेल.